हुणसूरहून आणलेलं ग्राइप वॉटर

अनुराग तसा भित्रा नव्हता. हूटगळ्ळीच्या कारखान्यात बॉयलर कुरकुरायला लागला की बाकीचे बाहेर यायचे आणि हा आत जायचा. पण औषधाच्या दुकानात उभं राहून कंडोमचं पाकीट मागायचं म्हटलं की हा दारातूनच परत फिरायचा.

कारणही तसंच होतं. म्हैसूरमधली जुनी मराठी घरं अशी की एका घरात शिंक आली तर दुसऱ्या घरात काढा उकळायला ठेवतात. कोपऱ्यावरचं मेडिकल रघूत्तमकाकांचं, आणि काका रोज सकाळी अनुरागच्या वडिलांबरोबर फिरायला जाणार. पुढच्या चौकातल्या दुकानात चुलत बहिणीचा दीर. ऑनलाइन मागवावं, तर पार्सल आलं की त्याची आई, नागरत्नाबाई, कात्री घेऊन दारात हजर.

देवश्रीला, म्हणजे साताऱ्याहून लग्न करून आलेल्या त्याच्या बायकोला, हे सगळं सुरुवातीला गमतीचं वाटायचं. स्पृहा झाली आणि गंमत संपली. पोर अजून अंगावर पीत होतं, जूनपासून शाळेची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती, आणि स्वतःची कंबर अजून आपली वाटत नव्हती. इतक्यात दुसरं मूल तिला नको होतं. पूर्वी ती गोळ्या घ्यायची, तेव्हा डोळ्यांपुढे नागमोडी रेघा यायच्या आणि मग डोकं असं उठायचं की भिंतीला टेकून बसावं लागायचं. ते ऐकून डॉक्टर मधुमिता म्हणाल्या होत्या, "तुम्ही हार्मोनच्या वाटेला जाऊच नका. कंडोम वापरा, नाहीतर तांबी बसवू. पहिले काही महिने पाळीला थोडं जास्त जाईल, दुखेल. पण वर्षानुवर्षं बघायला नको, आणि हवं तेव्हा काढता येते. मुलं पुरे असतील तर पुरुषांचंही छोटंसं ऑपरेशन असतं."

शेवटचं वाक्य कानावर पडताच अनुराग पंख्याचं बटण शोधायला उठला होता.

घरी आल्यावर तो म्हणाला, "शरीरात तांबं कशाला घालायचं? मी आहे ना. ही जबाबदारी माझी."

जबाबदारी पार पाडायला तो रविवारी मोटरसायकल काढून हुणसूरला गेला. तिथे कोण ओळखतंय? तंबाखूचा व्यापार, बाजाराची गर्दी, परकं गाव. बसस्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये शिरला, खाकरला, मान वर केली. गल्ल्यावर रघूत्तमकाका. मेव्हण्याचं दुकान, मेव्हणा लग्नाला गेलेला, म्हणून काका सांभाळायला आलेले.

"काय रे पुट्टा, एवढ्या लांब? काय देऊ?"

"ग्राइप वॉटर," अनुराग म्हणाला.

"किती?"

"तीन."

तो घरी पोचायच्या आधी काकांचा फोन पोचला होता. बाळाच्या पोटासाठी बाप हुणसूरपर्यंत गेला म्हणजे दुखणं साधं नसणार. नागरत्नाबाईंनी तत्काळ सूत्रं हातात घेतली. स्पृहाच्या बेंबीभोवती हिंग लागला आणि देवश्रीच्या ताटातून बटाटा, वांगं, तूरडाळ, हरभरा, सगळं गेलं. उरला मऊ भात आणि जिऱ्याचं सारू. स्पृहा मात्र ठणठणीत, आजीच्या चष्म्याची काडी चावत बसलेली.

"तू सांग ना आईंना खरं," देवश्री रात्रीच्या भाताकडे बघत म्हणाली.

"सांगतो. दोन दिवस जाऊ देत."

दोन दिवस गेले, आठवडा गेला. आणि मग तिची पाळी लांबली. ते दिवस देवश्रीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. लेकीला थोपटताना हात मध्येच थांबायचा. या पिल्लाला अजून पुरतं जवळ घेऊन झालेलं नाही, असं मनात यायचं आणि ती ओठ टेकवून त्या मऊ टाळूचा वास घेत राहायची. शेवटी पाळी आली. तिने तोंड धुतलं, दवाखान्यात फोन करून वेळ घेतली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

"आई, स्पृहाचं पोट मुळीच दुखत नाहीय. अनुराग दुसरंच काही आणायला गेला होता. मी उद्या तांबी बसवून घेणार आहे."

नागरत्नाबाई सारू ढवळत होत्या. ढवळत राहिल्या.

"मलाही होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तांबीच ग. अनुराग झाल्यावर. मत्ते, दुसरं काय करायचं? ह्यांना दुसरा मुलगा हवा होता. दर वर्षी टी. नरसीपूरला संगमात बुडी मारून मागायचे. मी पण शेजारी बुडी मारायची."

"आणि बाबांना..."

"अजून कळलं नाही. देवाची इच्छा नव्हती, म्हणतात. म्हणू दे की. स्वल्प दुखेल हं पहिल्यांदा. गरम पाण्याची पिशवी काढून ठेवते." मग गॅस बारीक करून त्या म्हणाल्या, "पण तू नवऱ्याला बरोबर ने. मी एकटी गेले होते. परत येताना रिक्षात फार रडू आलं, का ते अजून कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा व्हरांडा बायकांनी भरलेला. अनुराग टोकाच्या खुर्चीत, स्पृहा मांडीवर, नजर भिंतीवरच्या गर्भाच्या चित्रापासून वाचवून जमिनीवर. समोरच्या बाकावर मराठी मंडळातल्या भवानीबाई, सुनेला घेऊन आलेल्या. त्यांनी ओळखीचं हसून घेतलं होतं आणि आता कान पदराबाहेर काढून बसल्या होत्या.

"इथे कशाला म्हणून विचारलं तर काय सांगू?" त्याने हळूच विचारलं.

"तुला काय सुचेल ते," देवश्री म्हणाली. तिला दुखण्याची भीती होती, आणि आत जाताना मागे आपलं कुणी नसेल याची त्याहून जास्त.

दार उघडलं. नर्सचा आवाज बाजारात भाव सांगावा तसा खणखणीत.

"कॉपर-टी यारु?"

कॉपर-टीवालं कोण, म्हणून सगळा व्हरांडा इकडेतिकडे बघू लागला. देवश्री पदर सावरून उठेपर्यंत शेजारची खुर्ची करकरली. लेकीला कडेवर घेऊन अनुराग ताठ उभा होता, कानांच्या पाळ्या लालभडक.

"नम्दे," तो म्हणाला. आमचीच.

नर्सने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही बसा सर. त्यांना पाठवा."

व्हरांडा हसला, भवानीबाई सगळ्यात आधी. अनुराग बसला नाही. देवश्रीने स्पृहाच्या तळपायाला एकदा बोट लावलं आणि ती आत गेली.