तांबड्या शाईचा शेरा

परवा एक पत्रकार विमानातून उतरला तो शोधत शोधत आमच्या कार्यालयात आला. तीन कोटींच्या देशाला फुटबॉलमध्ये एवढंसं बेट भारी कसं पडलं, याचं गुपित त्याला हवं होतं. बंदरावर त्याने वाऱ्याबद्दल विचारून घेतलं होतं, दवाखान्यात आमच्या खाण्यापिण्याबद्दल. मी जन्ममृत्यू नोंदणीची कारकून, आणि माझं डोकं जरा लवकर तापतं. म्हटलं, "वारा सगळीकडेच असतो हो. बसा. गुपित या कपाटात आहे."

ते कपाटात कसं, ते सांगते.

आमची वस्ती इतकी कमी की संघ निवडणं हा प्रकारच नाही. शाळेतले व्यायामाचे मास्तर हेच संघाचे प्रशिक्षक. ते म्हणतात, मोठ्या देशाची दहा पोरं हरवली तरी कोणाच्या लक्षात येत नाही, आपलं एक हरवलं तर अकरा भरत नाहीत. म्हणून गेली बारा वर्षं मास्तर दर शनिवारी माझ्याकडे येतात आणि आम्ही जुन्या वह्या उघडून बसतो. कोण परदेशी गेलं, कोणाची लेक कुठे दिली, तिला मुलं किती, त्यातलं कोणी बरं खेळतं का. आमची माणसं इथल्यापेक्षा बाहेरच जास्त. अशी सात पोरं आम्ही हुडकून आणली, आणि सातही जण पहिल्या फोनला हो म्हणाले. मला याचा फार अभिमान आहे, उगाच कशाला लपवू?

पात्रता फेरीतला त्या मोठ्या देशाशी शेवटचा सामना महिन्यावर आला आणि आमचा गोलरक्षक विजेच्या खांबावरून पडला. नोकरीच ती त्याची. मनगट मोडलं. दुसरा गोलरक्षक एकेचाळीस वर्षांचा, खाली वाकला की उठायला त्याला वेळ लागायचा. बरोबरी साधली तरी आम्ही पहिल्यांदा विश्वचषकाला जाणार होतो. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग वहीत शिडी सापडला. शिडी हे आम्ही ठेवलेलं नाव. पोरगा इतका उंच की फोटोत मावत नव्हता. परदेशातल्या दुसऱ्या फळीच्या क्लबात खेळायचा. त्याची आजी आमच्या पलीकडच्या बेटावर जन्मलेली, म्हणजे नियमाने तो आमचाच. कागद पाठवले. आठ दिवसांनी जागतिक संघटनेचं उत्तर आलं. आजीच्या तिकडच्या कागदांवर जन्म पाच तारखेचा, तुमच्या वहीत एकोणीस तारखेचा. या दोन वेगळ्या बाया दिसतात. शुक्रवारी पाचपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर अर्ज रद्द.

वही उघडली. अक्षर माझ्या बाबांचं होतं.

बाबांनी चाळीस वर्षं या खुर्चीवर काढली, त्यांच्यानंतर मी बसले. आज ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला कार्यालयात नेऊन वह्या दाखवायच्या ही त्यांची सवय. "चाळीस वर्षं. एक खाडाखोड दाखवा!" आम्ही भावंडं हे ऐकतच मोठी झालो. धाकटा भाऊ तर झोपेतही ते बोलायचा.

मी शिडीच्या आजीच्या नोंदीच्या वरखाली पाहिलं. पलीकडच्या बेटावर त्याच एकोणीस तारखेला चार जन्म. मग पंधरा दिवस काहीच नाही. मग एकाच दिवशी तीन. बंदरातून होडीची जुनी नोंदवही मागवली. प्रत्येक तारखेला पलीकडची होडी धक्क्याला लागलेली.

बुधवारी संध्याकाळी दोन्ही वह्या घेऊन मी बाबांसमोर बसले.

"बाबा, पलीकडच्या बायका काय होडीचा भोंगा वाजला की बाळंत व्हायच्या?"

ते आधी भडकले. "माझ्या वहीत चूक नाही. तिकडच्यांनी घातला असेल घोळ."

"एका दिवसात चार?"

"माझी वही बंद कर."

"बाबा, शुक्रवारपर्यंत उत्तर गेलं नाही तर आपल्याला गोलरक्षक नाही."

ते उठून खिडकीशी गेले. समोर मैदान दिसतं, मास्तर पोरांना पळवत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तीन दिवसांत नोंद नाही केली तर कोर्टाची पायरी, असा कायदा होता. होडी पंधरा दिवसांनी यायची. ओली बाळंतीण पोर छातीशी धरून उभी, तिला काय कोर्टात पाठवू? मी विचारायचो, आज झालं ना? ती म्हणायची, हो. लिहून टाकायचो."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुमच्या बापाने चाळीस वर्षं खोटं लिहिलं म्हणून?"

मला रडू आलं आणि रागही आला. एवढं चांगलं काम केलं आणि माणूस ते चोरीसारखं लपवून बसला होता. म्हटलं, "तुम्ही नको म्हणालात तर मी वही बंद करते. मास्तरांना सांगते, नोंद सापडली नाही."

ते कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे वळले. "तू खोटं बोलणार? या खुर्चीवर बसून? तांबडी शाई आण."

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून कार्यालयात आले. आजीच्या नोंदीच्या समासात मी त्यांच्यासमोर शेरा लिहिला: ही तारीख जन्माची नसून होडीची आहे, जाणूनबुजून लिहिली आहे. खाली त्यांनी सही केली. सही अजूनही वळणदार. मग म्हणाले, "एकीचीच का? पलीकडची सगळी पानं काढ." एकतीस पानांवर त्यांनी सह्या केल्या. शुक्रवारी दुपारी कागद रवाना झाले.

आमच्याकडे बातमीला पाय फुटत नाहीत, पंख फुटतात. शनिवारी सकाळी बाबा घराबाहेर पडेनात. लोक तोंडावर थुंकतील म्हणाले. दहाच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर पलीकडच्या बेटावर जन्मलेला बेकरीवाला, त्याची बहीण आणि मागे आणखी वीसबावीस जण. बेकरीवाला साठीचा. म्हणाला, "काका, म्हणजे मी पाचदहा दिवसांनी तरी मोठा? मग दोन दिवसांनी मोठा म्हणून मिरवणाऱ्या साडूने मला आता वाकून नमस्कार करायला हवा!" त्याची बहीण हसली नाही. ती बाबांच्या पाया पडली. "आई सांगायची, कारकुनाने आम्हाला उभंही राहू दिलं नाही, खुर्ची दिली. तारखेचं आज कळलं."

मंगळवारी मंजुरी आली.

सामना आमच्याच मैदानावर झाला. बसायला बत्तीसशे जागा, बाकीचं बेट शीतगृहाच्या छतावर आणि बोटींवर. ऐंशी मिनिटं आमच्या पोरांनी जिवाचं रान केलं. एकही गोल नाही. मग त्यांना पेनल्टी मिळाली. मी डोळे मिटले. बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दोन दिवस वळ होते. शिडी उजवीकडे झेपावला, चेंडू त्याच्या बोटांना लागून खांबावर आदळला आणि बाहेर गेला. पुढचं मला नीट आठवत नाही, सगळेच रडत होतो. शून्य-शून्य. आम्ही विश्वचषकाला जाणार.

हे सगळं मी पत्रकाराला सांगत होते तेवढ्यात बाबा आत आले. पाहुणा दिसला की त्यांना राहवत नाही. आता ते नेहमीचं बोलतील आणि मध्येच थांबतील असं वाटलं. ते कपाटाशी गेले, एवढ्या वह्यांतून नेमकी ती काढली, त्या पानावर उघडून पत्रकारासमोर ठेवली आणि तांबड्या शेऱ्यावर बोट टेकलं.

"चाळीस वर्षं," बाबा म्हणाले. "ही बघा माझी खाडाखोड. परवा पेनल्टी अडवली ना, तो हिचा नातू."