मेहुण्याचे सव्वीस ठिपके

रंगवलेल्या दहा लाख पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून पळवायला किती वेळ लागतो? माझा चहा निवेपर्यंत. त्यात रोगट पेशी वीस किंवा त्याहून जास्त निघाल्या तर रोग शिल्लक आणि औषधांची दुसरी फेरी. वीसच्या आत निघाल्या, तर औषध आजच बंद. नमुना माझ्या मेहुण्याच्या रक्ताचा होता. तीस वर्षं मला बुद्धिबळात लबाडीने हरवणारा हा गृहस्थ बाहेर बाकावर बसला होता.

पडद्यावर रोगट पेशींचे एकसष्ट ठिपके उमटले.

"काका, आत्ताच धीर सोडू नका," चिमणी म्हणाली. ही आमची तंत्रज्ञ. आवाज चिमणीचा, नजर घारीची. "मेलेल्या अजून काढायच्यात."

मेलेल्या पेशी म्हणजे लग्नातले आगंतुक. ओळख ना पाळख, कुठल्याही रंगाला चिकटतात आणि रोगट असल्याचा आव आणतात. म्हणून फक्त मेलेल्यांनाच लागणारा एक रंग आधीच घातलेला असतो. तो चमकला की बाहेर! एकसष्टाचे चौतीस झाले. मग जोडगोळ्या. दोन पेशी गळ्यात गळा घालून एकच असल्याचं सोंग करतात. त्याही हाकलल्या. सव्वीस.

आणखी हाकलायला कुणी उरलंच नाही.

धावत्या घोड्याच्या शेपटीचे केस मी मोजून दाखवलेत, विचारा कुणालाही. पण ते सव्वीस ठिपके मी सात वेळा मोजले. मग नजर रेघेवर गेली. बऱ्यावाईट पेशींमधली ही रेघ आम्ही निरोगी नमुन्यावर आखतो, रोग्याचे ठिपके बघण्याआधी. ती केसभर सरकवली की सात ठिपके बऱ्यांच्या गर्दीत जात होते.

माझा हात हलला. एकोणीस.

"काका."

"निरोगी नमुना जरा शिळा होता, नाही का गं?"

"सकाळी तुम्हीच तपासलात. झकास म्हणालात."

"मी काय, दिवसाला शंभर थापा मारतो."

"बाहेर मारा. आत नको."

फोन वाजला. डॉक्टर. "आकडा सांगा, औषध बंद करू का?"

चिमणी नुसती माझ्या बोटांकडे बघत राहिली. फोन दुसऱ्यांदा म्हणाला, "हॅलो?"

मी रेघ जागेवर नेली. "सव्वीस," म्हणालो. "बंद करू नका."

बाहेर मेहुण्याने माझं तोंड बघितलं आणि सगळं ओळखलं.

"किती, भावोजी?"

"सव्वीस."

"खरे? की नेहमीसारखे वाढवून?"

"नाही रे," मी त्याच्याशेजारी टेकलो. "उलट कमी करायला गेलो होतो."