बारा हात दोर

डॉक्टर वारले आणि नगर जिल्ह्यातल्या राजूरचा भाड्याचा बंगला महिनाअखेर रिकामा करायची वेळ आली. मागच्या शेडमध्ये त्यांची गाडी उभी होती. एकतीस सालची, विलायती, वर कापडी टप असलेली. बारा वर्षांत ती जागची हलली नव्हती. डॉक्टरांची लेक शोभा बेलापूरच्या शाळेत शिकवायची. भंगारवाला दोनदा येऊन गेला, तिने दोन्ही वेळा त्याला परत पाठवलं आणि बेलापूरच्या गहिनीनाथ मिस्त्रीला गाठलं.

गहिनीनाथाकडे लढाईच्या वेळची डॉज पिकअप होती. नगरच्या लष्करी लिलावात त्याने ती नुसता सांगाडा म्हणून घेतली, दोन वर्षं तिच्यावर खपला आणि निळा रंग देऊन रस्त्यावर आणली. कुणाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला की तीच ओढायला जायची. डॉक्टरांची गाडी बेलापूरला नेऊन अशीच चालती करतो, असं त्याने शोभाला सांगितलं.

त्र्याहत्तर सालच्या मार्चातली सकाळ होती. गाडीचं गंजलेलं इंजिन उतरवून गहिनीनाथाने पिकअपच्या हौद्यात टाकलं. पायाचा ब्रेक कामातून गेला होता, पण हाताचा लागत होता. ओढल्या जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंगचं चाक धरायला त्याचा जोडीदार छगन येणार होता, तर तो तापाने पडला. शोभा म्हणाली, मी बसते. सोळाव्या वर्षी वडिलांनी याच गाडीवर तिला शिकवलं होतं. गहिनीनाथाला ते पसंत नव्हतं. त्याने वाटेतल्या विठ्याच्या घाटाची भीती घातली, दोन दिवस थांबू म्हणाला. पण बंगल्याची किल्ली त्याच दिवशी द्यायची होती. शेवटी त्याने दोन्ही गाड्यांमध्ये बारा हात दोर बांधला आणि तिच्या खिडकीशी आला.

"बाई, दोर ताणलेला ऱ्हायला पायजे. ढिला पडला की ब्रेक वढा. दुसरं काय करू नका."

सपाटीला सगळं नीट चाललं. पिकअपच्या मागच्या फळीवर नजर ठेवून शोभा चाक धरून बसली होती. इंजिन नसलेली गाडी आवाज न करता चालत होती. फक्त चाकांखाली खडी कुरकुरायची. ते तिला विचित्र वाटत होतं, आपण चालवतोय की कुणी आपल्याला नेतंय तेच कळेना.

घाट उतरायला लागला तसा दोर लोंबायला लागला. तिने ब्रेक ओढला, दोर ताणला गेला. पुन्हा लोंबला, पुन्हा ओढला. तिसऱ्या वळणावर तिने ब्रेकचा दांडा ओढला तेव्हा खाली काहीतरी खाडकन तुटलं आणि दांडा तिच्या हातात सैल झाला. तिने तो मागे-पुढे केला. खेळण्यातल्यासारखा तो हलत राहिला.

गाडी आता मोकळी होती.

दोर रस्त्यावर लोळायला लागला. तो चाकात अडकला तर गाडी दरीकडे फिरेल, एवढं तिला कळत होतं. तिने भोंग्याचा रबरी गोळा दाबला. इतक्या वर्षांच्या रबराने नुसतीच हवा सोडली. तिने हाक मारली. पिकअपच्या आवाजात ती तिची तिलाच ऐकू आली नाही. निळी फळी जवळ येत होती. दहा हात, पाच हात. तिने डोळे मिटले नाहीत, कारण मिटले असते तर चाक हातातून सुटलं असतं.

धडक बसली. पुढचा दिवा फुटला. गहिनीनाथाची मान एकदम मागे वळली आणि क्षणभर दोघांची नजरानजर झाली. मग त्याचा हात खिडकीतून बाहेर आला आणि पंजाने तिला खूण केली, असंच, असंच. तिला उमगलं. तिने पिकअपला टेकूनच राहायचं होतं आणि दोन्ही गाड्यांचं वजन तो आपल्या ब्रेकवर पेलणार होता. गाडीचं नाक जरा बाजूला घसरलं की ती दरीत जाणार होती.

पिकअप किंचाळत उतरू लागली. जळक्या रबराचा वास आला, मागोमाग धूर. वेग कमी होत नव्हता. आणि पुढच्या वळणावर शोभाने पाहिलं, पिकअपचं दार उघडलं. गहिनीनाथाचा एक पाय बाहेर आला, टायरची चप्पल अधांतरी लोंबत होती. नकळत तिने आपल्या बाजूच्या दाराची कडी चाचपली. ती हाताला लागलीही.

तेवढ्यात वळण सरलं आणि खाली रस्त्याच्या कडेला बाया दिसल्या. दुष्काळी कामावरच्या, तीस-चाळीस जणी, खडी फोडत ओळीने बसलेल्या. काहींच्या मांडीवर पोरं होती. पिकअपचं दार धाडकन बंद झालं आणि हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. शोभाने कडी सोडून दोन्ही हातांनी चाक धरलं.

गहिनीनाथाने जोर करून पहिला गिअर टाकला. दोन्ही गाड्यांना हिसका बसला, तरी त्या पुढे सरकतच होत्या. बाया उठल्या, पोरं उचलून डोंगराच्या अंगाला पळाल्या. एक म्हातारी मात्र पळाली नाही. डोक्याएवढा दगड पोटाशी धरून ती उलट गाडीच्या दिशेने धावत आली आणि तिने तो शोभाच्या गाडीच्या मागच्या चाकापुढे टाकला. चाक त्यावर चढून आपटलं. मग दुसरी आली, तिसरी आली. बैलगाडी उतारावर सुटते तेव्हा करतात तसंच त्या करत होत्या. चौथ्या दगडाला दोन्ही गाड्या थांबल्या.

शोभाला चाक सोडता येईना. म्हातारीने, साळूबाई तिचं नाव, एकेक बोट उकलून तिचे हात मोकळे केले आणि तिला खाली बसवून पाणी पाजलं.

गहिनीनाथ बऱ्याच वेळाने जवळ आला. त्याच्या ओठांना रंग नव्हता. तो खाली बघूनच बोलला.

"बाई, मी उडी टाकणार हुतो. म्होरं बाया दिसल्या म्हणून ऱ्हायलो. तुमच्यासाठी ऱ्हायलो न्हाई."

शोभाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"माझाही हात कडीवर गेला होता," ती म्हणाली.

ब्रेक निवल्यावर त्याने पिकअप सोडवली आणि तो घाटाखालच्या अकोले गावातून लोखंडी पाइप आणायला गेला. तोवर शोभा बायांत बसून राहिली. दुपारी त्याने दोन्ही गाड्या पाइपाने घट्ट जोडल्या आणि पुढचा उतार फार नाही असं तिला दोनदा सांगितलं. चाक धरायला दुसरं कुणी नव्हतं. ती गाडीत चढली, दार नुसतं ओढून घेतलं, कडी लावली नाही. पिकअप हलली तेव्हा पाइप खणखणला आणि तिने चाक घट्ट धरलं. बेलापूर यायला रात्र झाली. तोवर ती एकदाही पाठ टेकून बसली नाही.