भेगेतली अंघोळ

मी डबी. पानसुपारीची नव्हे हं, तपकिरीची तर मुळीच नव्हे! लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असते ना, ती मी. सोलापूरचे कापडवाले चनबसप्पा जन्मले त्याच आठवड्यात सोनारानं मला घडवलं. त्यांच्या आईनं लिंग माझ्यात ठेवलं आणि मला आधी पाळण्याला, मग लेकाच्या गळ्यात बांधलं. ही गोष्ट घडली तेव्हा त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली होती. देव माझ्या पोटात, मग मला तोरा नसणार तर कुणाला?

लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, डोळे मिटून बसायचं. दोन वेळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट नाही. चनबसप्पांनी हा नेम कधी मोडला नाही. पण खरं सांगू? नेम होता, मन नव्हतं. डोळे मिटलेले आणि कान रेडिओच्या बातम्यांकडं. "शिवा, शिवा" म्हणता म्हणता मधेच, "अगं, दुकानाची किल्ली कुटं हाय?" पाच मिनिटांत मी खटकन बंद. मला राग यायचा. पण डबीला विचारतो कोण!

त्यांच्या बायको नागव्वा महिनाभर सांगत होत्या, "अवं, दोरा झिजलाय. बदला की."

"बघू उद्या."

तो उद्या काही उजाडला नाही.

पंच्याहत्तर सालच्या पौषात दोघं हुरडा खायला आपल्या शेतावर गेले, अक्कलकोटच्या रस्त्याला. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली. खाली काळं रान, आणि हिवाळ्यात ते असं भेगाळतं की खांद्यापर्यंत हात आत जावा. दुपारी चनबसप्पा वाकून ज्वारीचं एक ताट बघत होते. दोरा तुटला आणि मी सरळ भेगेत! ओरडायला मला तोंड कुठलं? मालक "दाणा लई गोड हाय" म्हणत पुढं निघून गेले.

संध्याकाळी तिथंच बांधावर पूजेला बसताना त्यांचा हात छातीवर गेला, तो तिथंच राहिला.

"नागव्वा, माझं लिंग गेलं!"

त्यांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. लिंग सापडेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, हे त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. दोघं शेतावरच राहिले, दुसरा दिवस सगळा शोधण्यात गेला. शेताचा वाटेकरी येडू एकेक ताट बाजूला सारत होता. मालकांचे पाय माझ्यावरून चारदा गेले. वरनं वाकून बघणाऱ्याला भेगेतलं काय दिसणार, कपाळ!

"मालक, मठातल्या स्वामींकडनं दुसरं बांधून घ्या की," येडू म्हणाला. "असं उपाशी किती दिस ऱ्हाणार?"

"आईनं बांधलंय रे ते. आईला दुसरी आणतो का आपण?"

नागव्वाही जेवल्या नाहीत. त्यांचं लिंग त्यांच्या गळ्यात होतं, पूजाही झाली होती. पण म्हणाल्या, "तुमी उपाशी आन् मी भाकरी मोडू व्हय?" मला आत लाज वाटत होती. माझ्यापायी दोन जीव वाळत होते.

आणि आत मी काय बघितलं? डोक्यावर बोटभर आभाळ आणि गालाला लागून ज्वारीचं मूळ. दिवाळीपासून पावसाचा थेंब नाही, कुणी पाणी दिलेलं नाही, तरी ते मूळ ओलं होतं. जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वर कणीस भरत होतं. ह्या ज्वारीला कोण पाजतंय? अठ्ठावन्न वर्षं मी समजत होते, देव माझ्याच पोटात कोंडलाय. इथं तर तो बाहेरही होता की! माझा तोरा तिथंच उतरला.

तिसऱ्या दिवशी उजाडताना वर पावलं वाजली. मालक बांधावर बसले असावेत.

"कशाची पूजा करता? हातात काय हाय?" नागव्वांनी विचारलं.

"काय न्हाय. पन नेम चुकवायचा न्हाय. रिकाम्या हातानं बसतो."

ते बसले. किती वेळ! ना रेडिओ, ना किल्ली. पाखरं बोलायला लागली, वारा ताटांतून सळसळत गेला, ऊन माझ्या भेगेच्या तोंडाशी आलं, तरी ते उठले नाहीत. मग रडवेल्या आवाजात म्हणाले, "देवा, रोज तू माझ्या हातात होतास आन् मी दुकानात होतो. आज तू कुटं हायेस ठावं न्हाय, पन हितंच हायेस. जितं असशील तितं अंघोळ घे."

विहिरीवरून नागव्वा कळशी आणायच्या आणि मालक एकेका भेगेत तांब्यानं पाणी घालायचे. शोधायला नव्हे हं, न्हाऊ घालायला. चार ओळी झाल्या. मग माझ्या डोक्यावर धार पडली आणि मी वाजले, टण्ण!

"थांबा! परत ओता!" नागव्वा ओरडल्या.

टण्ण!

मालक पालथे पडले, पण त्यांचा जाडा हात अडकला. येडू कुदळ आणायला धावला. "नगं," मालक म्हणाले, "मुळं तुटतील." शेवटी नागव्वांनी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, खांद्यापर्यंत हात घातला आणि चिखलासकट मला वर ओढलं. मालकांनी मला उघडलं. लिंग जसंच्या तसं! तेव्हा ते हसले, रडले, काय काय केलं. पूजा झाली आणि दोघांनी एकाच भाकरीचे दोन तुकडे केले. हुश्श! ती भाकरी मोडल्याचा आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

आता मी सोलापुरात, नव्या दोऱ्यात. माझ्या बिजागरीत काळी माती अडकलीय. सोनार म्हणाला, "कोरून काढू?" मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे." रेडिओ आता पूजेनंतर लागतो. मालक पहाटे गच्चीवर जातात आणि मला उघडण्याआधी डावा तळहात थोडा वेळ रिकामाच धरून बसतात. मी छातीवर वाट बघते. मला आता घाई नाही.

बाबांनो, एवढंच मागते. दोरा झिजला की त्याच दिवशी बदला. आणि पुढंमागं मी कुणाच्या हाती आलेच, तर मला खुशाल चिंचेनं घासा, लखलखीत करा. बिजागरीतली माती तेवढी राहू द्या.