चांगुणाचा टीबी

उल्हासनगरच्या पापडाच्या कारखान्यात इंदुबाईला सगळ्या बाया घाबरवायच्या, "एवढं अंग सुटलंय, तुला शुगर होणार बघ." त्र्याण्णव साली जवळच्या हॉलमध्ये फुकट तपासणी ठेवली, तेव्हा तिला एकटीने जायचा धीर होईना. तिने सोबत काम करणाऱ्या चांगुणाला नेलं.

चांगुणा चाळिशी ओलांडलेली, काटकुळी बाई. नवरा गेल्यापासून बेलवलीच्या एका चाळीत, एका खोलीत एकटी राहायची. रांगेत उभीच आहे, तर तिनेही बोट पुढे केलं.

इंदुबाईची साखर व्यवस्थित निघाली. चांगुणाची तीनशे चाळीस.

डॉक्टरांनी दुसऱ्या बोटातून रक्त घेऊन पुन्हा पाहिलं. आकडा तोच.

"तहान फार लागते?"

"लागते. गेल्या साली ब्लाउज दोनदा आत घेतले."

"जेवता काय?"

"एकटीला कशाला रांधायचं? चहा-पाव. नाहीतर मीठ-भात." मग तीच म्हणाली, "डॉक्टर, शुगर जाड्यांना होते ना?"

"जाड्यांना जास्त होते. पण नुसतं अंग बघून येत नाही, बाई. आईवडिलांकडून येते, खाण्याने येते. लहानपणी उपाशी राहिलेल्या अंगालाही धरते."

चांगुणाला आई आठवली. लहानपणी माहेरी, वांगणीला, भात संपला की आई कंद उकडून द्यायची, तेही पुरायचे नाहीत.

गोळ्या सुरू झाल्या, पण ती वाळतच होती. चाळीत कुजबुज सुरू झाली, हिला टीबी आहे. शेजारच्या कुंदाने चहाचा कप वेगळा काढला. चांगुणाने डॉक्टरांचा कागद दाखवला. कुंदाने तो हातातही घेतला नाही.

दिवाळीला ती भावाकडे वांगणीला गेली. कुजबुज तिथेही पोचली होती; भावजय राहीने तिचं ताट पडवीत मांडलं.

"हरिचंद्र, मला खोकला तरी आहे का रे?"

"ताई, शुगर शेठलोकांना होते. तुझ्या अंगावर मूठभर मांस नाही. घरात पोरं आहेत, तू समजून घे."

तिने समजून घेतलं. त्याच दुपारी बेलवलीला परतली. पुढची दिवाळी, मग भाचीची हळद, ती गेली नाही. कुणी बोलावलंही नाही.

एकदा डॉक्टर रागावले, "नुसत्या गोळ्यांनी काय होणार? भाजी, डाळ खा." मग तिने स्टो पेटवायला सुरुवात केली. एका माणसाची मूठभर मेथी, वाटीभर डाळ. सुरुवातीला ताटावर बसलं की घास उतरायचा नाही. समोर भिंत. मग ती दार उघडं ठेवून जेवू लागली. येणारीजाणारी माणसं तरी दिसत.

दोन वर्षांत साखर उतरली, गाल भरले. कुंदा दारात येऊन म्हणाली, "बरं झालं बाई, टीबी गेला तुझा!" वांगणीहूनही निरोप आला, ताई, ये, आता भीती नाही.

चांगुणा गेली. राहीने घरात सगळ्यांच्या पंगतीत बसवलं, ताटात ढीगभर शिरा वाढला.

"एवढा नको गं. मला शुगर आहे."

सगळे हसले. "ताई अजून तेच धरून बसलीय," हरिचंद्र म्हणाला.

चांगुणाही हसली. शिरा बोटाने कडेला सारला आणि डाळीत भाकरी कुस्करू लागली. राही तोंड फिरवून म्हणाली, "आमच्या हातचं आता गोड लागत नसेल."

चांगुणाने तेवढी डाळ-भाकरी संपवून ताट उचललं.

दोन दिवस राहायचं ठरवून आलेली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. थांब, असं हरिचंद्र एकदाच म्हणाला.