शेवटचं भाडं घ्यायचं नसतं

"तुमचे जुलैचे भाडे घरमालकाने नाकारले आहे."

जूनचंही नाकारलं होतं. तेव्हा कौमुदीला वाटलं, बँकेचं काहीतरी बिनसलं असेल. तिने पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आलं, मग ऑफिसच्या धबडग्यात राहून गेलं. आज मात्र पेरुंगुडीच्या ऑफिस-कँटीनमध्ये इडलीचा घास हातात धरून तिने भाड्याच्या अ‍ॅपवरची ती ओळ तीनदा वाचली. नाकारले. म्हणजे कुणीतरी बोट टेकवून नाकारलं होतं.

"दोन महिने?" शेजारचा कौशिक म्हणाला. चेन्नईत सात घरं बदललेला माणूस. "मग तयार राहा बाई. दोन महिने भाडं थकलं की घर खाली करून मागायला कारण मिळतं."

"अरे, मी देतेय! घरमालकीणच घेत नाही!"

"तीच तर गंमत. अ‍ॅपवर काय दिसतं? भाडं जमा नाही."

घास परत ताटात गेला. एकट्या बाईला अड्यारमध्ये घर मिळवायला चार महिने लागले होते. मांसाहार करता का, कोण येतं-जातं, लग्न कधी. अठराव्या दारात कामाक्षीमामींनी फक्त विचारलं होतं, "मराठी का तूं?" त्या तंजावरच्या मराठी. तेवढ्यावर वरचा मजला मिळाला.

आणि आता हे.

*

संशय पहिला.

नाही, हा दुसरा. पहिला मागाहून सुचला.

मे महिन्यात एक माणूस टेप घेऊन जिना मोजत होता. कौमुदीने विचारलं तर म्हणाला, "चुम्मा." म्हणजे तमिळमध्ये उगाच. उगाच कोण जिना मोजतं?

संशय पहिला: मोटर. गच्चीवरची टाकी भरली की बटण बंद करायचं कुणी, यावर मामींची रोज सकाळी आरडाओरड. "कौमुदी! मोटर! पाणी वाया जातंय, तुझ्या बापाची विहीर आहे काय?" जूनपासून आवाज बंद. टाकी वाहते, मामी स्वतः उठून बंद करतात. न ओरडणारी घरमालकीण म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

या संशयाला आकडा नको: वर्षभरात कढीपत्त्याची काडी न देणाऱ्या मामींनी परवा वाटीभर खीर पाठवली. कौमुदीने ती हुंगली. मग स्वतःचीच लाज वाटली. खाल्ली मात्र नाही.

*

"तुमचे भाडे थकीत आहे. आता भरा."

भरलं.

"घरमालकाने नाकारले आहे."

*

शनिवारी सकाळी तिने दोन महिन्यांचा चेक लिहिला, कुर्त्याच्या खिशातल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि खाली उतरली. आज घेतलं नाही तर सोमवारी भाडे प्राधिकरणाकडे भरायचं. कौशिकने तसं पढवलं होतं.

मामी ओसरीत शेंगा निवडत होत्या. "ये. बैस. सामान बांधलीस?"

"कसलं सामान?"

"खाट तुझी का भाड्याची? जिन्यातून उतरणार नाही ती, आधीच सांगते."

"मामी, तुम्ही भाडं का घेत नाही?"

मामींनी शेंग खाली ठेवली. हा काय प्रश्न झाला, असं तोंड. "शेवटचं भाडं घ्यायचं नसतं गे. माझ्या सासूनं कुणाचं घेतलं नाही, मी घेत नाही. दोन महिन्यांचं अ‍ॅडव्हान्सात वळतं करायचं, बाकीचं हातात द्यायचं. जाणाऱ्याला रागवायचं नाही, गोड घालायचं. खीर बरी झाली होती?"

"पण मी जात नाहीये!"

कौमुदीचा आवाज एवढा चढला की फाटकाशी इस्त्री करणाऱ्या सरोजाने मान वर केली.

मामींनी उशीखालून टॅब काढून तिच्यापुढे धरला. अ‍ॅपमध्ये इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं: भाडेकरू ३१ जुलैला जागा सोडणार. भाडेकरूची संमती, १२ मे, सकाळी ९.४१.

९.४१. ऑफिसची लिफ्ट. 'तुमचा करार अद्ययावत झाला आहे.' चौदा पानं. दहाव्या मजल्यापर्यंत तिने 'मान्य' दाबलंसुद्धा होतं.

"आडीत कोण घर सोडतंय, असं वाटलं मला," मामी म्हणाल्या. आडी हा तमिळ महिना जुलैच्या मध्याला लागतो आणि त्यात चेन्नईत कुणी बिऱ्हाड हलवत नाही. "मग म्हटलं, पुण्याकडची तुम्ही माणसं, तुम्हांला कुठली आडी!"

"हा करार कुणी केला?"

"गिरीधर. माझा मुलगा. मला हिरवं बटण, लाल बटण शिकवून गेला. 'वरची जातेय, अम्मा,' म्हणाला. जाणाऱ्याचं म्हणून मी लाल दाबलं." मामींनी टॅब मागे घेतला. "मी शेवटचं भाडं घेत नाही, हे तो लहानपणापासून बघतोय."

टेपवाला माणूस दोघींनाही एकदमच आठवला असावा.

की मामीही सामील? एवढं सगळं इतकं सरळ कसं? कौमुदीने खिशावर हात ठेवला. मोबाइल गरम झाला होता.

"घर कुणाच्या नावावर?"

"माझ्या. त्याला बिल्डर पाहिजे. मला ही ओसरी पाहिजे." मामींनी हात पुढे केला. "आण तो चेक. मघापासून मुठीत चुरगळतेस."

कॅलेंडरचं मागचं पान फाडून त्यांनी तमिळमध्ये पावती लिहिली, रेव्हेन्यूचं तिकीट चिकटवलं, सही केली. मराठी त्या बोलत, लिहीत नसत. कौमुदीला तमिळ अक्षर वाचता येत नव्हतं.

"माझ्यावर विश्वास ठेवूं नको," मामी म्हणाल्या. "सरोजाकडून वाचून घे. आणि खिशातलं ते बंद कर, गरम होतंय तुला."

*

सरोजाने इस्त्री उभी केली आणि कागदावर बोट फिरवत वाचलं, सावकाश, कौमुदीला कळेल अशा तमिळमध्ये. जून, जुलैचं भाडं मिळालं. मे महिन्यातला करार मला मंजूर नाही. जायचं की राहायचं ते कौमुदी ठरवेल. गिरीधर नाही.

चार वाक्यं. कागदावर ओळी पाच.

"ही?" कौमुदीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही का नाही वाचलीस?"

सरोजा हसायला लागली.

"लिहिलंय की मोटर बंद करायचं काम वरच्या मजल्याचं."

गच्चीवरून पाणी पडू लागलं होतं. कौमुदीने पावतीची घडी केली आणि ओसरीतून हाक यायच्या आत जिन्याकडे धावली.