पाचव्या बांगडीचा हट्ट

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. आधी मासळीच्या खोक्यात होते. वास अजून येतो, त्यावर कुणी बोलू नये. गव्हाणच्या प्राचीने मला खोक्यातून सोडवलं, तेरा खिळे ठोकले आणि तिच्या दमयंतीआत्याने जाळं विणायचे तेरा दोरे त्यांतून ओवले. प्रत्येक दोऱ्यावर चार खिळे, प्रत्येक खिळ्यातून चार दोरे. कुठलेही दोन खिळे घ्या, त्यांना जोडणारा दोरा एकच. खेळ सोपा आहे. खिळ्यांना बांगड्या अडकवायच्या, पण एका दोऱ्यावर तीन येता कामा नयेत. चार बसतात. पाच बसत नाहीत.

एवढं मानायला पनवेलकर तयार नाहीत. शाळेच्या प्रदर्शनात जो तो पाचवी बांगडी घेऊन माझ्यापुढे उभा. मुख्याध्यापकांनी तर मला उलटी धरून पाहिलं. प्राची बिचारी प्रत्येकाला समजावत होती. समजा, पाच बसल्या. मग एकीच्या खिळ्यातून निघणाऱ्या चार दोऱ्यांवर उरलेल्या चौघी एकेक करून वाटल्या जाणार. म्हणजे कुठल्याही दोऱ्यावर बांगड्या एकतर दोन, नाहीतर एकही नाही. आता एक रिकामा खिळा धरा. त्याच्या दोऱ्यांवर पाचही जणी जोडीजोडीने यायला हव्यात. पाचांच्या जोड्या कशा लावणार? लोक मान डोलवायचे आणि पुन्हा पाचवी बांगडी उचलायचे.

पहिला नंबर आला तर अलिबागचं जिल्हा प्रदर्शन होतं. प्राचीने बॅगसुद्धा भरली होती. नंबर देणार होते प्रमुख पाहुणे कुंदनशेठ, ज्यांनी स्वतःच्या इमारतीत जिन्याखाली गाळा काढून विकला आहे. त्यांनी थोडा वेळ खटपट केली, मग हातोडी मागवली. दोऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चौदावा खिळा ठोकला आणि त्याला पाचवी बांगडी लावली. मंडपात टाळ्या. कळ मला आली, याची चौकशी कुणी केली नाही.

"पोरी, जागा नाय असं कदी नसतं," शेठ म्हणाले. "जागा काढाची असते. पयला नंबर तुझा."

"काका, मग याला बाकीच्यांशी दोऱ्यानं जोडून द्या."

शेठ दोरा घेऊन बसले. नव्या खिळ्यासोबत जुने तीन घ्यायचे, तर त्यांतल्या कुठल्याही दोन खिळ्यांत आधीचा दोरा असायचाच, आणि दुसरा चालत नाही. शेवटी दोरा त्यांच्याच बोटांना गुंडाळला गेला.

"खिला राऊ दे," ते हळूच म्हणाले. "कोन बघतंय? अलिबागला जा."

प्राचीने बॅगेकडे पाहिलं. मग पक्कड घेतली आणि खिळा उपटला.

अलिबागला शेजारच्या टेबलावरचा धूर सोडणारा ज्वालामुखी गेला.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, दोरे सैल पडले तर ताणा. पाचवी बांगडीही खुशाल लावून बघा, मला सवय आहे. फक्त येताना हातोडी घरी ठेवून या.